घासलेली नाणी

या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा हे प्रकरण मी दोनदा वगळलं. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून मी वहीत लिहितो आणि माधुरी, माझी बायको, कॉम्प्युटरवर टाइप करते. तिनं विचारलं, "अहो, स्टेट कॉलेजचा उन्हाळा आहे, मग एकदम पुढचा एप्रिल. मधली थंडी कुठे गेली?" मी म्हणालो, थंडी फार होती, कुणी बाहेर पडत नव्हतं, काही घडलं नाही. तिनं मान हलवली आणि पुढचं पान मागितलं. माधुरीला मी गेली जवळजवळ पन्नास वर्षं हेच सांगत आलो आहे. हे प्रकरण मात्र मी स्वतः, दोन बोटांनी, टाइप करतो आहे. म्हणून थोडा वेळ लागतो आहे.

तेव्हा अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. दत्ता आणि मी पुण्याला एका वर्गात होतो. इथे तो मातीवर पीएच.डी. करत होता आणि मी धातुशास्त्र शिकत होतो. पहिलं वर्ष आम्ही दोघांनी अंडी आणि भात खाऊन काढलं. मग दत्ता कराडला जाऊन लग्न करून आला आणि त्याच्यामागून चार महिन्यांनी कुंदावहिनी आल्या. मी दुसरी जागा शोधतो म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दोघांपेक्षा तिघांचा स्वयंपाक सोपा पडतो. दोघांचा अंदाज चुकतो." मी शोधणं थांबवलं. त्यांना सासूबाईंनी पूजेसाठी चांदीचं तबक आणि लक्ष्मीची दोन नाणी दिली होती. विमानाच्या वजनात बॅग बसेना, तेव्हा वहिनींनी चांदी काढून ठेवली आणि तिच्या जागी पितळेचा सोऱ्या घातला. दत्ताला हे इथे आल्यावर कळलं. तो म्हणाला, "आईला कळलं तर?" वहिनी म्हणाल्या, "आई चकल्या खायला येणार आहेत का इथे?" गावात भारतीय दुकान नव्हतं. वहिनी तांदूळ आणि डाळी ओव्हनमध्ये भाजत आणि दत्ता ती भाजणी प्रयोगशाळेत मातीचे नमुने दळायच्या यंत्रावर दळून आणी. यंत्र आधी धुतलं होतं असं तो सांगे. चकल्या उत्तम होत. मी मातीची चव कधी शोधली नाही.

वहिनींना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. दत्ता सकाळी आठला जाई आणि रात्री जेवायला येई. दिवसभर त्या घरात एकट्या असत आणि घराचे आवाज ऐकत. कॅम्पसची बस कोपऱ्यावरून वळायच्या आधी त्यांना कळायची. रेडिएटर तापणार असेल तर त्या सांगत, "आता ठोकेल बघा," आणि तो ठोकायचा. मला हे तेव्हा फक्त गमतीचं वाटायचं.

खालच्या मजल्यावर वॉल्टर नावाचे एक विधुर गृहस्थ राहत. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांच्या वडिलांची शेती. जमीन विकून त्यांनी त्याच जमिनीवर भाड्याने जागा घेतली होती आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. "खिडकीतून तेच दिसतं," ते म्हणत. त्यांच्याकडे मेटल डिटेक्टर होता. काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती, मुठीजवळ एक डबा, त्यातून निघालेला हेडफोन. रोज दुपारी ते इमारतीमागच्या कुंपणापासून पुढे, पडीक गोठ्यापर्यंत, चकती डावी-उजवीकडे फिरवत चालत. वहिनींनी तीन दिवस खिडकीतून पाहिलं. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "भाऊजी, खाली चला. त्यांना विचारा काय हरवलंय. मी पण शोधते." मी विचारलं. वॉल्टर म्हणाले, "मी काही हरवलेलं नाही. इतरांनी हरवलेलं शोधतो आहे." मी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तर पुष्कळच असेल."

त्या वेळच्या यंत्राला पडदा वगैरे नव्हता. धातू आला की कानात सूर बदलायचा, एवढंच. खिळा असो, थंड पेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी असो की नाणं, माझ्या कानाला सगळं एकच शिट्टी. वॉल्टरनी गंमत म्हणून हेडफोन वहिनींच्या अंबाड्यावरून कानाला लावला. त्या गवतातून दहा पावलं चालल्या, थांबल्या, म्हणाल्या, "हे फुटकं आहे." वॉल्टरनी खणलं, तर डब्याची कडी निघाली. पुढे म्हणाल्या, "हे लोखंड." खिळा निघाला. असं सात-आठ वेळा झालं. वॉल्टरनी मला विचारलं, हिला कसं कळतं? मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय? बाजारात मडकं वाजवून घेतो ना, तसं. चिरलेलं बद्द वाजतं." मी हे इंग्रजीत सांगितलं. वॉल्टरनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्यानंतर गोठ्याच्या पायाजवळ वहिनी बराच वेळ एका जागी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथे काहीतरी लहान आहे. पण चांगलं आहे." चार बोटं खोल एक चांदीचं नाणं निघालं, कुंकवाच्या मोठ्या टिकलीएवढं, कागदासारखं पातळ, काळं पडलेलं. तीन सेंटचं. वॉल्टर म्हणाले, असं नाणं शोधत मी नऊ वर्षं फिरतो आहे.

त्या दिवसापासून दर शनिवारी वॉल्टर आमचं दार वाजवत. वहिनी साडीवर दत्ताचा कोट आणि पायात त्याचे बूट घालून जात. पहिले दोन शनिवार मी दुभाष्या म्हणून गेलो, मग माझी गरज उरली नाही. त्या त्यांना काका म्हणत, ते त्यांना कुंदा म्हणत. त्या बोट दाखवत, ते खणत. ते चर्चच्या सहलीच्या मैदानावर जात, जुन्या शाळेच्या आवारात जात, कुणाच्या अंगणात जायचं तर आधी दार वाजवून विचारत आणि खणलेला प्रत्येक खड्डा गवताच्या चकतीसकट परत बुजवत. घरी आल्यावर वहिनी दत्ताला आणि मला आठवड्याची बातमी देत. त्या देशात त्यांच्याकडे सांगण्यासारखं एवढंच होतं, आणि ते आमच्या दोघांकडच्यापेक्षा जास्त होतं.

वॉल्टरचा एक नियम होता. नाणं घासायचं नाही. पाण्यात ठेवायचं, टिपायचं आणि छोट्या कागदी पाकिटात घालायचं. पाकिटावर जागा लिहायची. काळा थर म्हणजे नाण्यानं जमिनीत काढलेली वर्षं. ती पुसली की उरतो नुसता धातू, असं ते म्हणत. मला हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं, इंग्रजीत. वहिनींना त्यांनी फक्त अंगठा बोटावर चोळून दाखवला आणि मान हलवली. आणि किमतीपेक्षा त्यांना जागा महत्त्वाची वाटे. चर्चच्या मैदानावर हातपंपाजवळ वहिनींना दहा सेंटचं एक नाणं सापडलं होतं. लहानपणी त्या सहलीत वॉल्टरच्या बहिणीनं, रूथनं, आइस्क्रीमचं नाणं पंपाजवळ हरवलं होतं. तिला आइस्क्रीम मिळालं नाही आणि घरी गेल्यावर मार मिळाला. वॉल्टरनी आपलं आइस्क्रीम तिच्यासमोर संपवलं होतं. रूथ आता नव्हती. "हेच ते असेल असं मी म्हणत नाही," वॉल्टर म्हणाले, "पण पंपाजवळचं आहे." ते पाकीट ते सगळ्यांत वर ठेवत.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या वर्धापनदिनाचं प्रदर्शन ठरलं. वॉल्टरची नाणी मांडायची होती, प्रत्येकाखाली सापडल्या जागेचं कार्ड. त्यांचा हात कापायचा आणि माझ्याकडे टाइपरायटर होता. वहिनींबरोबर सापडलेल्या नाण्यांची तेवीस पाकिटं त्यांनी सिगारच्या लाकडी पेटीत माझ्याकडे आणून दिली. दोन दिवसांवर लक्ष्मीपूजन होतं. गावातली सगळी मराठी मंडळी, म्हणजे बारा माणसं, आमच्याकडे येणार होती. पूजेला चांदी नव्हती. दत्ता म्हणाला, "लक्ष्मी अमेरिकेत आली आहे, डॉलर चालवून घेईल." मी म्हणालो, ही नाणी ठेवू. वहिनी म्हणाल्या, "ती आपली नाहीत. काकांना विचारलंत?" मी खाली जाऊन विचारलं. वॉल्टरना फार आनंद झाला. तेही येतो म्हणाले.

पूजेच्या दिवशी दुपारी मी पाकिटं उघडून नाणी ताटात मांडली. तेवीस काळे ठिपके. मी म्हणालो, वहिनी, ही अशी लक्ष्मीपुढे ठेवायची? त्या म्हणाल्या, "राहू देत काळी. काका घासू नका म्हणालेत. लक्ष्मीला चांदी ओळखता येत नसेल का?" मग त्या कपड्यांची टोपली घेऊन तळघरातल्या वॉशिंग मशीनकडे गेल्या.

आता खरं कारण लिहितो. त्या बारा माणसांत ग्रंथालयशास्त्र शिकायला आलेली मुंबईची एक मुलगी होती. आमचं घर नीट दिसावं, सणाला आईच्या देवघरातली भांडी चमकत तसं काहीतरी चमकावं, असं मला वाटत होतं. माझ्याकडे घरून आणलेली पांढऱ्या दंतमंजनाची डबी होती आणि एक जुना ब्रश. मी धातुशास्त्राचा विद्यार्थी होतो. चांदीवरचा काळा थर काय असतो आणि तो काढताना खालची चांदी किती जाते, हे मी आदल्याच सत्रात परीक्षेत लिहून आलो होतो, आणि बरे गुण मिळाले होते. पाऊण तासात मी तेवीस नाणी घासली. काहींवरचं डोकं गुळगुळीत झालं. ओली रिकामी पाकिटं ओट्यावर पसरली होती, ती मी गोळा करून केराच्या पिशवीत टाकली आणि पिशवी बाहेरच्या मोठ्या डब्यात टाकून आलो. कार्डं टाइप करायची आहेत, हे मला डब्याचं झाकण पडल्यावर आठवलं. डबा खोल होता. मी परत आलो.

वहिनी वर आल्या, ताट पाहिलं, टोपली खाली ठेवली. सगळी नाणी हातात घेऊन एकेक उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवली. तेवढ्यात पाहुणे यायला लागले. नाणी खरोखर लखलखत होती. मुंबईची मुलगी म्हणाली, "अय्या, वहिनी, कसली चमकताहेत!" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला चकली दिली. आरती झाली. वॉल्टर टाय लावून आले होते. टाळ्या चुकीच्या ठिकाणी पण मनापासून वाजवत होते. मग ते प्रसादाला पुढे वाकले आणि त्यांनी ताट पाहिलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित खरं बोललो असतो. त्यांनी एक नाणं उचललं, दिव्यापाशी धरलं, ठेवलं, दुसरं उचललं. मग मला हळू आवाजात विचारलं, पाकिटं कुठे आहेत? मी म्हणालो, गेली. त्यांनी विचारलं, कोणी केलं हे? सगळे गप्पा मारत होते. वहिनी शेजारीच ताट धरून उभ्या होत्या. मी म्हणालो, "तिला समजलं नाही. आमच्याकडे पद्धत आहे. सणाआधी घरची बाई चांदी घासते." आणि पुढे त्या पद्धतीविषयी आणखी दोन-तीन वाक्यं बोललो. चांगलं इंग्रजी बोललो. वॉल्टर म्हणाले, "ऑफ कोर्स." मग ते वहिनींकडे वळले आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, शब्द तोडून म्हणाले, इट्स ओके. त्या आधी ते त्यांच्याशी कधीही मोठ्यानं बोलले नव्हते. वहिनींनी त्यांना चकली दिली. त्यांनी ती घेतली आणि खाल्ली.

मंडळी गेल्यावर वहिनींनी भांडी विसळताना विचारलं, "काकांना काय सांगितलंत? माझ्याकडे बघून बोलत होतात."

"चकल्या छान झाल्यात म्हणालो."

त्या पातेलं घासत राहिल्या.

इथे मी थांबलो असतो तर हा तरुणपणीचा एक भित्रेपणा म्हणून खपला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ताट घेऊन माझ्या टाइपरायटरजवळ आल्या. नाण्यांचे त्यांनी लहान-लहान गट केले होते. म्हणाल्या, "भाऊजी, कुठलं कुठे सापडलं ते मला आठवतंय. हे गोठ्याजवळचं. ही तीन शाळेची. आणि हे पंपाजवळचं, याच्या कडेला खाच आहे, काकांची खुरपी लागली होती, त्यांना कळलं नाही. लिहून घ्या आणि त्यांना द्या. पुसलेलं परत येणार नाही, पण जागा तरी राहील." त्यांनी तेवीसच्या तेवीस सांगितली असती. मला फक्त टाइप करायचं होतं. पण जिला काही समजलं नाही असं मी आदल्या संध्याकाळी म्हणालो होतो, तिनंच तेवीस जागा सांगितल्या हे वॉल्टरना कसं सांगणार? त्या कार्डांबरोबर मला खाली जाऊन एक वाक्य बोलावं लागलं असतं. मी ते वाक्य मनात जुळवून पाहिलं. मग म्हणालो, "वहिनी, राहू द्या. त्यांना आता कार्डं नकोत."

"पंपाजवळचं पण?"

"तेही."

प्रदर्शनात नाणी एका काचेखाली एकत्र ठेवली होती. चर्चच्या लोकांना ती आवडली, चमकत होती म्हणून. वॉल्टर काचेपुढे उभे होते. दहा सेंटची नऊ नाणी होती, त्यातलं रूथचं कुठलं हे ते शोधत होते, असा माझा अंदाज आहे. मी विचारलं नाही.

त्यानंतर शनिवारी दार वाजलं नाही. वॉल्टर वाईट माणूस नव्हते. जिन्यात वहिनी भेटल्या की ते टोपी काढत, मोठ्यानं आणि सावकाश हवामान सांगत. पण हेडफोन त्यांनी वहिनींना पुन्हा दिला नाही. मला दोनदा बरोबर नेलं. मी डब्याच्या अकरा कड्या आणि एक बिजागरी शोधली. वर खिडकीत वहिनी उभ्या होत्या. कोट घातलेला होता. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गोठ्याच्या अलीकडे थांबला होतात, तिथे का नाही खणलं? काकांनी आज मला का नाही बोलावलं?" मी म्हणालो, थंडी आहे. पुढच्या शनिवारीही मी तेच म्हणालो. मग बर्फ पडलं आणि माझं म्हणणं खरं झालं. त्या थंडीत वहिनी दुपारी झोपायला लागल्या. बस वळायच्या आधी सांगायचं त्यांनी सोडून दिलं. दत्ता म्हणे, "हिला इथलं हवामान मानवत नाही." एप्रिलमध्ये मी दुसरीकडे राहायला गेलो. पुढच्या वर्षी त्या मुंबईच्या मुलीशी माझं लग्न झालं. त्या संध्याकाळच्या नाण्यांची आठवण माधुरी अजून काढते. आमच्या घरात ती चांगली आठवण म्हणून चालते.

वॉल्टर फार वर्षांपूर्वी गेले. गेल्या वर्षी मुलानं मला रिटायर माणसाला व्यायाम म्हणून एक नवा मेटल डिटेक्टर दिला. आता पडद्यावर आकडा येतो, कान लागत नाही. वेस्ट विंडसरला आमच्या घरामागे मेपलच्या मुळाशी मला दहा सेंटचं जुनं चांदीचं नाणं सापडलं. काळं. मी ते पाण्यात ठेवलं, टिपलं, पाकिटात घातलं आणि महिनाभर टेबलाच्या खणात ठेवलं. मग एका रविवारी गाडी काढली. माधुरीला म्हणालो, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून भाजी आणतो. दत्ता गेल्यापासून वहिनी त्याच भागात, एडिसनला, मुलाकडे असतात. रस्ताभर मी एक वाक्य पाठ करत होतो: वहिनी, ती नाणी मी घासली, आणि काकांना तुमचं नाव सांगितलं. वाक्य सोपं आहे. मराठीत आहे. अडायचं काही कारण नव्हतं.

वहिनींनी दार उघडलं. केस पूर्ण पांढरे, गुडघ्याला पट्टा. "या भाऊजी. माधुरी नाही आली?" नात आतून "हाय आजोबा" म्हणाली आणि फोन घेऊन वर गेली. चहा झाला, गुडघे झाले, कोण कुठे असतं ते झालं. मी खिशातून पाकीट काढून नाणं टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा घातला नाही. नाणं उचललं, काचेच्या टेबलावर वीतभर उंचीवरून पडू दिलं आणि मान तिरकी केली.

"चांदी," म्हणाल्या. "कुठे मिळालं?"

"घरामागे. झाडाजवळ."

"किती खोल?"

"चार बोटं."

"घासलं नाहीत ना?"

"नाही."

"बरं केलंत."

त्यांनी नाणं परत पाकिटात घातलं, पाकीट माझ्यासमोर सरकवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसल्या. घाई नव्हती. टीव्ही बंद होता. वर नात कुणाशी तरी हसत होती. वहिनी वाट बघत होत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं. एवढी वाट त्यांनी बहुधा बस वळण्याचीही पाहिली नसेल. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पहिल्या शब्दापासून. मी बशीतली चकली उचलली, तिचा तुकडा मोडला आणि खाल्ला.

"वहिनी," मी म्हणालो, "चकल्या छान झाल्यात."

"दुकानातल्या आहेत, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि माझा कप उचलून आत घेऊन गेल्या.